दुधनीचा चढ आणि आरशासारखा मॅनिफोल्ड

माझ्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन, हसमुखभाईंच्या टॅक्सीचा मॅनिफोल्ड. सगळ्यात वाईट काम कोणतं, असं विचारलं तरी उत्तर तेच येईल. ‘तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ म्हणून या अंकाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा गमती पुष्कळ आठवल्या होत्या. पण लिहायला बसलो आणि कागदावर पहिल्यांदा हीच गोष्ट उतरली. तिच्यात गंमत जरा कमी आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. कोणी दगावलं नाही हेही आताच सांगून ठेवतो, उगाच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको.

मी धुळे जिल्ह्यातला, आयटीआय झालेला फिटर. ऐंशीच्या आसपास सिल्वासात धाग्याचे कारखाने एकामागून एक उभे राहत होते आणि आमच्या भागातली पोरं पत्र्याची ट्रंक घेऊन तिकडे निघत होती. त्यात मीही गेलो. सरळसोट पॉलिएस्टरच्या धाग्याला ऊब आणि पीळ देऊन फुगवायचा, हे आमच्या कारखान्याचं काम. मी मेंटेनन्सला होतो. धागा ज्या ज्या वाटेने जातो, ती प्रत्येक खाच, प्रत्येक कडी, प्रत्येक रूळ गुळगुळीत राखायचा, हीच माझी सहा वर्षांची नोकरी. कडीवर केसाएवढा ओरखडा असला तरी धागा तुटायचा. मग मशीन बंद, आणि सुपरवायझरचं तोंड सुरू. मी पॉलिशच्या चाकावर त्या कड्या घासून घासून अशा करायचो की त्यांत दात बघून घ्यावेत. चांगलं काम म्हणजे गुळगुळीत काम, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते तिथे. हे जरा लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

गाड्यांचं वेड मला लहानपणापासून. कारखान्यातली शिफ्ट संपली की मी एका ओळखीच्या गॅरेजात फुकट राबायचो. शेवटी नोकरी सोडली आणि सिल्वासातच टोकरखाड्याच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून स्वतःचं गॅरेज काढलं. बायको सुमन तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनेच शेडच्या दाराला आंब्याची पानं बांधली.

माझी खासियत होती इंजिनाच्या हवेचं काम. लोकांना वाटतं गाडी पेट्रोलवर चालते. ते खरं आहे, पण अर्धंच. थेंबभर पेट्रोल जाळायला इंजिनाला त्याच्या कितीतरी पट हवा ओढावी लागते. ती आधी फिल्टरमधून गाळून येते, मग कार्बोरेटरमध्ये तिच्यात पेट्रोलचे बारीक तुषार मिसळतात, आणि मग मॅनिफोल्ड नावाच्या नळकांड्यातून ती इंजिनाच्या चार तोंडांत वाटली जाते. एवढाच तो प्रवास. या वाटेत कुठेही अडथळा आला की इंजिन घुसमटतं. पटत नसेल तर एक नाकपुडी दाबून जिना चढून बघा.

त्या काळच्या गाड्यांत अडथळेच अडथळे असायचे. मॅनिफोल्डचं तोंड आणि इंजिनाचं तोंड एकमेकांवर नीट बसायचं नाही, मध्ये पायरी राहायची. आतून ओतकामाचे कंगोरे तसेच ठेवलेले असायचे. मी ती पायरी घासून काढायचो, कंगोरे उतरवायचो, आणि फिल्टरला बॉनेटच्या आतली गरम हवा न देता पुढच्या जाळीतून थंड हवा आणायचो. त्यासाठी कर्ण्यासारखं तोंड लागायचं. ते मी कसं बनवायचो सांगू? कारखान्यातून भंगारात निघालेल्या धाग्याच्या पुठ्ठ्याच्या कोनावर पत्रा गुंडाळून ठोकायचो. माप एकदम पक्कं बसायचं. एकदा एका कारखान्याचे मॅनेजर बॉनेट उघडून म्हणाले, “अरे, हा तर आमचा कोन!” मी म्हटलं, “साहेब, तुमचा धागा त्यावरून उतरला, आता आमची हवा चढते.” ते हसले, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःची गाडी घेऊन आले.

एक मुंबईहून बदलून आलेले सरकारी कारकून होते. त्यांची गाडी अजिबात पळेना. मी फिल्टरचा डबा उघडला तर आत निळ्या लुगड्याची घडी कोंबलेली. म्हणाले, “इथे कारखान्यांची धूळ फार, म्हणून हिच्या जुन्या साडीचा पदर लावला.” मी तो पदर काढून सन्मानाने त्यांच्या हातात दिला. गाडी त्याच दिवशी बरी झाली आणि माझं नाव सरकारी क्वार्टर्समध्ये पोचलं. अशी कामं करताना अंगावर मूठभर मांस चढायचं. सिल्वासात गाडीला पिकअप पाहिजे असेल तर धनराजकडे जा, असं लोक म्हणायला लागले होते. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो आणि पुन्हा कोण म्हणतंय का, त्याकडे कान ठेवायचो.

अशातच हसमुखभाई आले. त्यांचं बाजारात किराण्याचं दुकान होतं आणि तीन टॅक्स्या भाड्याने चालायच्या. त्यातली एक गाडी देवजीभाईंकडे होती. देवजीभाई दुधनीचे. मधुबन धरणाच्या पाण्याजवळ त्यांचं घर. रोज सकाळी ते दुधनीहून माणसं भरून खानवेलमार्गे सिल्वासाला आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे. बस कमी, त्यामुळे गाडीत दहा माणसं, वर भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या. गाडी कोणती ते सांगत नाही, पण त्या काळी मोठी गाडी म्हटलं की एकच डोळ्यांपुढे यायची. देवजीभाईंचं म्हणणं एवढंच होतं की भरलेली गाडी चढावर रडते.

मे महिना होता. मी मॅनिफोल्ड उतरवला आणि मला चेव चढला. पायरी घासून थांबायचं सोडून मी आतली चारही भोकं मोठी केली, आणि मग कारखान्यातल्या कड्यांसारखं पॉलिश करायला घेतलं. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग बफचं चाक. तीन दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. काम झाल्यावर बॅटरी मारून आत बघितलं तर माझाच डोळा मला दिसला. सुमनला बोलावून दाखवलं. ती आमच्या अहिराणीत म्हणाली, “एवढं चकचकीत तर मनं ताटबी नही.” तिचं घासलेलं ताटही एवढं लखलखत नव्हतं म्हणे. मला केवढी धन्यता वाटली होती!

गाडी जोडली आणि वापीच्या सरळ रस्त्यावर घातली. उडाली हो गाडी. देवजीभाई तर वेडेच झाले. टॅक्सी स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटले, “धनराजभाईने अंदर आरसा बसवला आरसा!” त्यांच्या बोलण्यावरून स्टँडवरच्या आणखी पाच-सहा गाड्या माझ्याकडे आल्या. नशीब एवढंच की त्या वेळी कामाची गर्दी असल्याने त्यांना मी आरसा केला नाही, नुसती पायरी काढून दिली.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. थंडी पडायला लागली तसे देवजीभाई एकदा गॅरेजात आले आणि बाकड्यावर बसून बराच वेळ चहाच ढवळत राहिले.

“वापी रोडवर एक नंबर चालते,” ते म्हणाले. “पण सकाळी पहिल्या चढाला मिसिंग मारते, धनराजभाई. रेस देतो तर दम नाय पकडत.”

“थंडी आहे देवजीभाई. चोक ओढा, जरा गरम होऊ द्या, मग काढा.”

“गरम करत बसलो तर पॅसेंजर दुसऱ्याच्या गाडीत बसते ना.”

“मग काय गाडीला गोधडी पांघरू?” मी म्हणालो. बाकीची गिऱ्हाइकं हसली. देवजीभाईही हसले, उठले आणि गेले. त्यांनी स्टँडभर माझं एवढं कौतुक करून ठेवलं होतं की आता जास्त तक्रार करायला त्यांना जड जात असणार. ते मला तेव्हा कळलं नाही. बॉनेट उघडायला मला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी दिली नाहीत, हे आजही खुपतं.

पंधरा दिवसांत ते झालं. दुधनीतून निघाल्यावर लागणाऱ्या पहिल्याच चढावर, वळणात, गुरं आडवी आली म्हणून देवजीभाईंनी गाडी थांबवली. इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं. चढावर उभी भरलेली गाडी उचलायची म्हणजे डावा पाय क्लचवर, उजवा पाय ब्रेकवरून काढून रेस द्यायला न्यावा लागतो. त्या गाड्यांचा हँडब्रेक भरलेल्या गाडीला धरून ठेवेल एवढ्या ताकदीचा कधी नसायचाच. देवजीभाईंनी पाय ब्रेकवरून काढला, रेस दिली, इंजिनाने एक आचका दिला आणि ते मेलं. पाय पुन्हा ब्रेकवर येईपर्यंत गाडी मागे सुटली, एक चाक गटारात गेलं आणि मागची बाजू सागाच्या झाडावर आदळली. माणसं एकमेकांवर पडली. बहुतेकांना खरचटण्यावर निभावलं. दुधनीच्या शाळेतल्या सावंतबाई मीटिंगसाठी सिल्वासाला निघाल्या होत्या, त्यांचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला.

दुसऱ्या दिवशी हसमुखभाई गाडी ओढून माझ्याकडे घेऊन आले. किल्ली त्यांनी देवजीभाईंकडून आधीच काढून घेतली होती.

“पत्रा नंतर ठोका,” ते आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. “पहिले मला एक वात सांगा, धनराजभाई. गाडीमधे फॉल्ट हाय के नाय? सीधी वात.”

मी बॉनेट उघडलं. इंजिन चालू केलं. दुपार होती, ऊन होतं, इंजिन लगेच चालू झालं आणि शहाण्यासारखं घुमायला लागलं. रेस दिली, उत्तम घेतली.

“फॉल्ट नाही, शेठ,” मी म्हणालो.

“बस. मग देवजीचा पाय. तो स्वतःपण बोलला, पाय मीच काढला.” हसमुखभाई तसे वाईट माणूस नव्हते. पण दहा माणसांचा जीव म्हटल्यावर तेही घाबरले होते. “त्याला आता मी गाडी नाय देणार. कोणीच नाय देणार.”

मी खोटं बोललो नव्हतो. पण गाडी बिघडली असेल ही शंका मनात आली होती आणि ती शंका मी दारातूनच परत पाठवली होती, हे मला आतून माहीत होतं. पुढचे दोन दिवस मी मागचा पत्रा ठोकत होतो आणि प्रत्येक ठोक्याला देवजीभाईंचं ते ‘दम नाय पकडत’ आठवत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी काढली आणि सरळ दुधनीला गेलो.

देवजीभाई अंगणात जाळं विणत बसले होते. मी गेलो तसे उठले. भांडतील, निदान तोंड फिरवतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो गाडीबद्दल. “जास्त लागलं काय तिला मागून?”

मी सांगितलं, गाडी आज इथेच ठेवतो, सकाळी गार इंजिनावर चढावर घालून बघायची आहे. त्यांच्या बायकोने भाकरी आणि मासळीचं कालवण वाढलं. त्या घरात मी जेवलो तो घास कसा गिळला, ते माझं मला माहीत.

सकाळी धुकं होतं. मी चालवायला बसलो, देवजीभाई शेजारी. रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं आणि गाडी रिकामी होती. त्याच वळणात मी गाडी थांबवली. इंजिन लगेच बंद पडलं. पुन्हा चालू केलं, क्लच उचलायला लागलो, आणि उजवा पाय ब्रेकवरून काढून रेसवर नेला. इंजिनाने आचका दिला आणि मेलं. गाडी मागे सुटली. मला सगळं आधी ठाऊक असून, मनाची तयारी असून, माझा पाय ब्रेकवर यायला तेवढाच उशीर झाला. देवजीभाईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला म्हणून रिकामी गाडी गटाराच्या अलीकडे थांबली.

मी गाडीतून उतरलो. बॉनेट उघडून कार्बोरेटर सोडवला आणि मॅनिफोल्डच्या आत बॅटरी मारली. आरसा होता तसाच होता. त्या आरशाच्या तळाशी पेट्रोल साचलेलं होतं, ताटात आमटी सांडावी तसं.

तेव्हा मला कळलं. धागा कोरडा असतो, त्याला गुळगुळीत वाट लागते. इथे नुसती हवा जात नाही, तिच्याबरोबर पेट्रोलचे तुषार जातात. भोकं मोठी केल्यामुळे हळू चालीत हवेचा जोर गेला होता. जोर नाही म्हणजे ती पेट्रोल उचलून नेईना. ते थंडगार चकचकीत भिंतीला लागून थेंब थेंब खाली उतरत होतं. भिंत थोडी खरखरीत असती तर वाऱ्याने ते पुन्हा फुटून हवेत मिसळलं असतं. उन्हाळ्यात सगळं आपोआप वाफ होऊन जात होतं म्हणून दोष दिसला नाही. मोकळ्या रस्त्यावर जोरात हवा ओढली जायची म्हणून तिथेही दिसला नाही. तो दिसायला थंडीतली सकाळ, गार इंजिन आणि चढ पाहिजे होता. हे तिन्ही देवजीभाईंच्या वाट्याला रोज यायचं.

मी त्यांना आत बघायला लावलं आणि जमेल तसं समजावलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

“म्हणजे माझा पाय नाय?” त्यांनी विचारलं.

“नाही देवजीभाई. तुमचा पाय नाही. माझा हात.”

ते रस्त्याच्या कडेला बसले आणि टॉवेल तोंडाला लावला. त्या चार-पाच दिवसांत त्या माणसाने स्वतःला काय काय म्हटलं असेल! मीही शेजारी जाऊन बसलो. टॉवेल खाली घेऊन ते म्हणाले, “शेठला नको सांगू.”

मला आधी वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“नको सांगू, धनराजभाई. तुझं गॅरेज नवं हाय. शेठच्या तीन गाड्या, सगळं स्टँड तुझ्याकडे येते. सगळे निघून जातील. मला काय, मी पाण्यावर जाईन मासे धरायला. मला कळलं ना माझा पाय नव्हता, बस झालं.”

माझ्यावर आयुष्यात पुष्कळांनी उपकार केले. पण ज्याचं मी नुकसान केलं त्यानेच मला वाचवायला निघावं, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि त्यानंतर कधी नाही. खरं सांगायचं तर परतीच्या सगळ्या वाटेवर तो सल्ला मला गोड लागत होता. खानवेल येईपर्यंत मी तो जवळजवळ मानलाही होता.

घरी आलो आणि सुमनला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मंग सांगी टाका ना. शेड काय, पुन्हा उभी करसूत.” जिने ती शेड काढताना चार दिवस अबोला धरला होता, तिचं हे बोलणं. मी पायात चपला घातल्या आणि निघालो.

हसमुखभाईंचं दुकान टॅक्सी स्टँडच्या समोरच. एकटे भेटतील म्हणून वाट बघितली असती तर माझा धीर सुटला असता. तेव्हा चार ड्रायव्हर तिथेच चहा पीत होते, त्यांच्यादेखत मी सांगितलं. मॅनिफोल्ड काढून कापडात बांधून नेला होता, तो काउंटरवर ठेवला. चूक काय, कशी, सगळं सांगितलं. देवजीच्या जागी कोणीही असता तरी गाडी सुटली असती, आज सकाळी माझ्याकडूनही सुटली, हेही सांगितलं.

हसमुखभाईंनी तो मॅनिफोल्ड हातात घेऊन उजेडाकडे धरला. “केवढा सरस बनवला हाय,” ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “त्या दिवशी का नाय बोलला?”

“उघडून बघितलं नव्हतं, शेठ. बघायची भीती वाटली.”

त्यांनी त्याच वेळी एका ड्रायव्हरला दुधनीला निरोप घेऊन पाठवलं, देवजीला म्हणावं किल्ली घेऊन जा. आणि मला म्हणाले, माझ्या गाड्या आता तुमच्याकडे नाय येणार. मी मान हलवली. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. स्टँडवरच्या गाड्याही हळूहळू दुसरीकडे वळल्या. पुढचे काही महिने मी पंक्चरं काढली, स्कूटरचे प्लग साफ केले आणि शेडमध्ये बसून पेपर वाचला.

सावंतबाईंकडे जायला मात्र पाय उचलत नव्हते. त्या मूळच्या कोकणातल्या, दुधनीत खोली घेऊन एकट्याच राहायच्या. प्लास्टरमधला हात गळ्यात, आणि डाव्या हाताने फळ्यावर वेडीवाकडी अक्षरं काढून शिकवत होत्या. मी वर्गाबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हात डॉक्टरांनी बसवलाय, तो होईल बरा. गाडी तुम्ही बसवा. मला इथून बाहेर पडायला ती एकच वेळेवर मिळते.”

“शेठ आता माझ्याकडे गाडी देणार नाहीत, बाई.”

“का म्हणून? कुठे चुकलं ते तुम्हालाच तर ठाऊक आहे.”

त्यांनी हसमुखभाईंना डाव्या हाताने चिठ्ठी लिहिली. देवजीभाईंनी ती नेऊन दिली आणि आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं, की ही गाडी धनराजकडे गेली तरच मी तिच्यावर बसेन. शेठनी कपाळावर हात मारला आणि एका गाडीपुरती परवानगी दिली.

मी वापीच्या भंगार बाजारात जाऊन त्याच मापाचा जुना मॅनिफोल्ड शोधून आणला. या वेळी फक्त पायरी काढली, भोकं होती तेवढीच ठेवली, आणि भिंती जाड पॉलिश पेपरने मुद्दाम खरखरीत केल्या. दिसायला अगदीच गबाळं काम होतं ते. पुढे मी जेवढ्या गाड्या केल्या, आणि नंतरच्या वर्षांत त्या शेकड्यांनी केल्या, त्या सगळ्या त्याच गबाळ्या पद्धतीने. त्यावर घर झालं, मुलांची शिक्षणं झाली. आता गाड्यांमध्ये पेट्रोल मोजून द्यायला कॉम्प्युटर बसलाय, मॅनिफोल्डही प्लास्टिकचे आले, आणि माझ्यासारख्याची गरज संपली. त्याचं वाईट वाटत नाही. मला जे मिळालं ते माझ्या कर्तबगारीपेक्षा जास्तच होतं, आणि ते कुणामुळे मिळालं हे मला नावानिशी माहीत आहे.

सावंतबाईंचं प्लास्टर काढायचा दिवस आला तेव्हा थंडी अजून होती. त्या म्हणाल्या, मी देवजीच्या गाडीनेच जाणार. मी आदल्या दिवशीच दुधनीला जाऊन राहिलो. सकाळी गाडी नेहमीसारखी भरली. बाई पुढे मधोमध, मी दाराशी, मागे सात-आठ माणसं, वर टोपल्या. गार इंजिनावर देवजीभाईंनी गाडी काढली आणि त्याच चढावर, त्याच वळणात, काही आडवं आलेलं नसताना थांबवली. मागच्यांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. इंजिन त्यांनी स्वतःच बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

चढावर गाडी थांबली की दाराशी बसलेल्याने उतरून मागच्या चाकाला दगड लावायचा, ही तिकडची रीत. माझा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला. मागच्यांपैकीही दोघं उठायला लागले.

“बसा हो धनराजभाऊ,” सावंतबाई म्हणाल्या. “दगड कशाला? मी बसलेय ना.”

त्यांनी प्लास्टरमधला हात मांडीवर नीट ठेवला आणि समोर बघितलं. मागचे दोघं खाली बसले. मीही हात काढून घेतला. देवजीभाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ब्रेकवरून पाय काढला.

गाडी वर चढायला लागली.